मूषकाची रजा

माझ्या दीर्घ शासकीय सेवेत वरिष्ठांच्या हुकुमाची अक्षरशः अंमलबजावणी करणारा एकही इसम माझ्या पाहण्यात आला नाही, आणि जिल्ह्याचा कारभार जो काही सुरळीत चालला तो केवळ त्यामुळेच चालला, असे माझे प्रामाणिक मत आहे. साहेबांनी 'प्रकरण ताबडतोब निकालात काढावे' असा शेरा मारला, तर 'ताबडतोब' म्हणजे त्यांच्या पुढल्या दौऱ्यापूर्वी आणि 'निकालात काढणे' म्हणजे दुसऱ्या टेबलाकडे सरकवणे, हे अव्वल कारकुनापासून शिपायापर्यंत प्रत्येकास न सांगता कळत असे. हुकूम लिहिणाऱ्याच्या मनात काय असावे हे ओळखणे, आणि तेवढेच, किंबहुना त्याहूनही किंचित कमी, करणे ही सरकारी नोकरीतील खरी विद्या होय. अशा विद्येच्या उपासनेत ज्याची हयात गेली, त्या मजसारख्या सेवानिवृत्त अव्वल कारकुनाच्या हाताखाली उतारवयात असा एक नोकर यावा, की जो लिहिले असेल तेवढेच करतो, लिहिले असेल तसेच करतो, आणि ओळीअखेरचा एक अर्धविराम राहून गेला तर मुळी कामावर रुजूच होत नाही, हा दैवदुर्विलास नव्हे तर काय?

हा नोकर म्हणजे आर्डुइनो उनो नावाची, पोस्टकार्डाच्या एकतृतीयांशाहूनही लहान अशी निळी पट्टी. इटलीतील इव्रेआ नावाच्या गावी २००५ साली विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी या यंत्राच्या घराण्याचा जन्म झाला, आणि त्याचे जनक ज्या गुत्त्यात बसत असत त्या गुत्त्याचे नाव त्यास देण्यात आले. गुत्त्याचे नाव मूळचे एका राजाचे. हा आर्डुइन इ. स. १००२ मध्ये इटलीच्या गादीवर बसला, पुढे गादी गमावून बसला आणि अखेर मठात जाऊन राहिला. राजाची कीर्ती गुत्त्यापर्यंत आणि गुत्त्याची कीर्ती आमच्या पुण्यातील बैठकीच्या खोलीपर्यंत पोहोचण्यास हजाराहून अधिक वर्षे लागली, हे सरकारी टपालाच्या मानाने फार नव्हे. या पट्टीवर अठ्ठावीस पायांची एक काळी चिप असते. तिच्या घड्याळाचे सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके पडतात. मात्र चालू कामाच्या आठवणी ठेवायला तिच्यापाशी अवघे २ किलोबाइट असल्यामुळे स्मरणशक्तीच्या बाबतीत ती आमच्या रेकॉर्ड कीपरच्याही एक पायरी खाली बसते.

आता हे यंत्र आमच्या घरात शिरले कसे, याची हकिकत. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो, आणि नैवेद्याच्या ताटात मांडलेल्या एकवीस मोदकांपैकी आरती आटोपेपर्यंत एकोणीसच शिल्लक राहतात, ही परंपराही गणपतीइतकीच जुनी आहे. दरवर्षी संशयाची सुई घरातील लहानथोर सर्वांवरून फिरून अखेर माझ्यापाशी येऊन थांबते, आणि मला मधुमेह आहे या एकाच गोष्टीचा पुरावा म्हणून उपयोग करण्यात येतो. माझी नात सातवीत आहे. तिच्या शाळेत नीती आयोगाच्या योजनेतून आलेली अटल टिंकरिंग लॅब असल्यामुळे ही मुले भाषेच्या तासाला काय करतात ते देव जाणे, पण वायरी मात्र झरझर जोडतात. तिने भर जेवणात दरखास्त मांडली, की यंदा गणपतीपुढला उंदीर यांत्रिक करावा. ताटाजवळ हात आला की त्याने शेपटी हलवावी आणि चिंचिं करून घर गोळा करावे. ठराव माझ्याखेरीज सर्वानुमते संमत झाला.

"आजोबा, तुम्ही फक्त उंदीर रंगवा. वायरिंग मी करते."

"बाळ," मी म्हणालो, "कल्पना कोणालाही सुचते. अंमलबजावणीला अनुभव लागतो." आणि त्याच क्षणी या प्रकल्पाचा चार्ज मी स्वतःकडे घेतला. तिच्याकडे कागदाच्या लगद्याचा उंदीर रंगवण्याचे काम सोपवले. तिच्या पुस्तकात या प्रयोगावर 'नवशिक्यांसाठी' असा शिक्का होता. तेव्हा सातवीतल्या पोरीस जे साधते ते अव्वल कारकुनास का साधू नये, एवढाच माझा सरळ हिशेब होता.

सामान आणण्यासाठी मी बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत गेलो. जगातील कोणतीही विजेची वस्तू या गल्लीत मिळते, एवढेच की तिचे नेमके नाव मात्र गिऱ्हाइकास ठाऊक असावे लागते.

"बझर द्या," मी म्हणालो.

"अ‍ॅक्टिव्ह की पॅसिव्ह?"

"फरक काय?"

"अ‍ॅक्टिव्हला पाच व्होल्ट मिळाले की तो आपणहून ओरडतो. पॅसिव्हला कुठल्या सुरात ओरडायचं ते सांगावं लागतं."

"दिसायला कसे असतात?"

"वरून दोन्ही सारखेच."

या खुलाशाने मला एकदम आमच्या कचेरीत आल्यासारखे वाटले. मी पॅसिव्ह घेतला, कारण सांगितल्यावाचून तोंड न उघडणाऱ्या माणसालाच बढती मिळते असा माझा अनुभव आहे. शिवाय पिवळ्या खोक्यातली मोटर घेतली, जिला तिथे बीओ मोटर म्हणतात. आणि ८३० भोकांचा एक ब्रेडबोर्ड घेतला. या ब्रेडबोर्डाच्या दोन्ही कडांना विजेच्या दोन-दोन लांबलचक ओळी असतात, आणि काही बोर्डांत त्या मध्यावर, कोणतीही खूण अथवा दगड न रोवता, गुपचूप तुटलेल्या असतात. महसूल खात्यात अशी हद्द आढळली असती तर मी मोजणी मागवली असती. इथे मात्र अलीकडल्या अर्ध्या ओळीत वीज आणि पलीकडल्या अर्ध्या ओळीत माझा बझर, अशी स्थिती होती. घरातील सर्वांनी आळीपाळीने त्यास कानाशी लावून पाहिले आणि तो बिघडला आहे असा निर्वाळा दिला. दुकानदाराने तो परत घेण्याऐवजी वायर चार भोके पुढे सरकवून दिली.

हुकूम लिहिण्याची पद्धत मला प्रथमदर्शनी आवडली. प्रत्येक ओळ स्वतंत्र, तिच्या शेवटी अर्धविराम, आणि दोन तिरप्या रेघा ओढल्या की पुढे माणसांसाठी शेरा लिहिण्याची मुभा. तो शेरा यंत्र वाचत नाही. आमच्याकडे याच्या उलट, फक्त शेराच वाचला जाई. परंतु अर्धविराम राहिला की हा नोकर जो कांगावा करतो त्याला तोड नाही. त्यातही गंमत अशी, की अर्धविराम राहिलेला असतो चौथ्या ओळीत आणि ठपका येतो पाचव्या ओळीवर. कसूर एकाची आणि कारणे दाखवा नोटीस शेजारच्याला, ही प्रथा परदेशातही आहे हे पाहून मला समाधान वाटले. पट्टीवरचा चिमुकला दिवा माझ्या हुकुमाने पहिल्यांदा लुकलुकला तेव्हा मी तो सौभाग्यवतींना दाखवण्यास स्वयंपाकघरात घेऊन गेलो. "अहो, पण फ्रिजवरचा दिवा तर कायम पेटलेला असतो," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी भाजी ढवळली.

खरी रणधुमाळी झाली ती मोटरीवरून. ती उंदराच्या पोटात मावेना म्हणून पोट कापून फुगवावे लागले. परिणामी तो मूषक कमी आणि त्याचा धनीच अधिक दिसू लागला. मोटरीची एक वायर मी तीन क्रमांकाच्या पिनेस आणि दुसरी जमिनीच्या, म्हणजे ग्राउंडच्या, पिनेस जोडून हुकूम सोडला. शेपटी किंचित थरथरली आणि थांबली. माझ्या नातीने रंगाचा ब्रश न ठेवताच सांगितले, की एका पिनेने २० मिलिअँपिअर द्यावेत, फार तर ४०, आणि मोटरीला सुरू होतानाच शेकडो लागतात. म्हणजे मी एका किरकोळ मंजुरीच्या अधिकाऱ्याकडे धरणाचे बिल पाठवले होते! अशा प्रसंगी ट्रान्झिस्टर नावाचा मध्यस्थ नेमायचा असतो. पिनेने त्याच्या कानात हळूच पुटपुटायचे आणि त्याने मोठी तिजोरी उघडायची. ही व्यवस्था मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

इतक्यात शेजारचे नाना आले. नाना हे वीज खात्यातून वायरमन म्हणून निवृत्त झालेले असून २३० व्होल्टच्या खालील विजेला ते वीज समजत नाहीत.

"किती व्होल्टचं आहे हे?"

"पाच."

"पाच?" नाना करुणेने म्हणाले. "अण्णा, याने मुंगीसुद्धा मरायची नाही."

"मारायची नाहीये. शेपटी हलवायची आहे."

तथापि मदतीला आलेल्या तज्ज्ञास परत पाठवणे आमच्या वाड्याच्या संस्कारात बसत नाही. पुस्तकात लिहिले होते, की मोटर बंद होताना तिच्या गुंडाळीतून उलट दिशेने विजेचा झटका येतो, त्याने ट्रान्झिस्टरचा बळी जाऊ नये म्हणून मोटरीला समांतर एक डायोड लावावा. डायोडच्या एका टोकाशी रुपेरी पट्टा असतो. "हा पट्टा कुठल्या बाजूला?" असे मी विचारताच नाना म्हणाले, "कुठल्याही. घरच्या दिव्याला कुठे बाजू असते?" चाळीत चाळीस वर्षे दिवे लावलेल्या माणसापुढे पुस्तकाची प्रतिष्ठा ती काय? डायोड नानांच्या मतानुसार बसला, वीज मोटरीकडे जाण्याचे सोडून त्या आयत्या मिळालेल्या आडवाटेने थेट ट्रान्झिस्टरमध्ये शिरली, आणि शेपटी हलण्याऐवजी एक कडवट वास घरभर पसरला.

"अहो, काहीतरी जळतंय!" आतून आवाज आला.

"दूध असेल," मी म्हणालो.

"दूध माझ्या डोळ्यांसमोर आहे."

नाना चपला घालता घालता म्हणाले, "हल्लीच्या मालात दम नाही." या बाबतीत आमचे एकमत झाले. दुसऱ्या दिवशी नवा ट्रान्झिस्टर आला, रुपेरी पट्टा धन बाजूस फिरला (कोणी फिरवला याची नोंद दप्तरी नाही), आणि शेपटी चालू झाली. मात्र ती हलेना, फिरू लागली. मागे-पुढे हलवायची तर सर्व्हो लागते, साधी मोटर गरगर फिरतच राहते, हे मला नंतर सांगण्यात आले. उंदराला उड्डाणाची इच्छा झाली आहे असे ते दृश्य होते, पण हालचाल ही हालचाल आहे, असा अभिप्राय देऊन मी बाब मंजूर केली.

यानंतर जे घडले ते मी आजतागायत कोणत्याही कचेरीत पाहिले नाही, असे मात्र म्हणवत नाही. मोटर एकटी असली की फिरे. बझर एकटा असला की उत्तम ओरडे. दोघांना एकाच वेळी कामाला लावले, की उंदीर 'चिं' म्हणताक्षणी शेपटी जागच्या जागी थांबे. वायरी तपासल्या, ब्रेडबोर्डाचा पंचनामा केला, सेल बदलले, नानांना न बोलावण्याची खबरदारी घेतली, फरक पडेना. सौभाग्यवतींनी लांबूनच निदान केले: "दोघांचं पटत नाही." हे निदान शास्त्रीयदृष्ट्या अचूक निघाले. या चिपमध्ये तीन घड्याळे असतात. मोटरीचा वेग कमीअधिक करायला तीन आणि अकरा क्रमांकाच्या पिना ज्या दुसऱ्या घड्याळावर विसंबून असतात, नेमके तेच घड्याळ बझर सूर काढण्यासाठी उचलून नेतो, आणि काम झाल्यावर मोटरीची जुनी नेमणूक पूर्ववत न करताच परत ठेवतो. एकाच घड्याळावर दोन टेबले चालवली तर काय होते हे मी जाणतो. आमच्याकडे अशा वेळी एकाची बदली होत असे. मोटरीची बदली नऊ क्रमांकाच्या पिनेवर झाली, तिला स्वतंत्र घड्याळ मिळाले, आणि त्या क्षणापासून दोघेही मुकाट्याने कामाला लागले. बदल्यांनी कामे होतात हे जनतेला पटत नाही, पण माझ्यापाशी आता पुरावा आहे.

उंदराला डोळे बसवणे त्यामानाने सोपे गेले. दोन गोल पिंपांचा जो अंतर मोजण्याचा सेन्सर मिळतो तो जात्याच डोळ्यांसारखा दिसतो. एक डोळा ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतो, दुसरा प्रतिध्वनी ऐकतो, आणि मधल्या मायक्रोसेकंदांना ५८ ने भागले की सेंटिमीटर हाती येतात. माणसाला २० किलोहर्ट्झच्या वरचे काही ऐकू येत नाही. उंदरांना सहज येते. म्हणजे आमच्या यंत्राची खरी बडबड घरात कोणाला ऐकू जात असेल तर ती माळ्यावरच्या अस्सल रहिवाशालाच. त्याचे मत कळू शकले नाही.

चतुर्थीच्या आदल्या रात्री तालीम झाली. ताटाच्या २० सेंटिमीटर परिघात हात आला, की उंदीर ३००० हर्ट्झच्या सुरात किंचाळे आणि शेपटी गरगरे. परंतु हात तिथेच राहिला तर तो किंचाळतच राही. सौभाग्यवतींनी हरकत घेतली: "आरती आम्ही म्हणायची की याने?" तक्रार रास्त होती. मी हुकुमात दुरुस्ती केली, की एकदा ओरडून झाल्यावर एक मिनिट केवळ शेपटी फिरवत स्वस्थ बसावे, मग शेपटी थांबवावी आणि पुन्हा पहाऱ्यावर यावे. हे यंत्र सेकंदाच्या हजाराव्या भागात वेळ मोजते. म्हणून मी साठ गुणिले हजार असे नीट लिहिले. गुणाकार करून नुसते उत्तर लिहिणे मला सहज शक्य होते, पण हिशेबात आकडेमोड उघड दाखवावी, ही लेखापरीक्षणाची शिस्त अंगात मुरलेली. रात्र फार झाल्यामुळे पुन्हा तालीम न घेता आम्ही झोपलो.

सकाळी गुरुजी आले. प्राणप्रतिष्ठेच्या मंत्रांत मूर्तीत चैतन्य यावे अशी प्रार्थना असते. गुरुजींनी दूर्वांसाठी हात पुढे केला आणि त्याच वेळी मूषक किंचाळला. गुरुजी पाटावरून वीतभर वर उडाले. "काय आहे हे?" त्यांनी विचारले. "भक्तिभाव," मी म्हणालो.

तो किंचाळला तो एवढाच. त्यानंतर दिवसभर पाहुणे आले, ताटावरून हात फिरले, मुलांनी मुद्दाम बोटे नाचवली. उंदराने तोंड उघडले नाही. शेपटी मात्र अहोरात्र फिरत राहिली. "वा, काय शेपटी फिरते!" असे म्हणून लोक प्रसाद घेत, आणि एका वृद्ध नातेवाइकांनी उकाड्यात हा पंखा बरा पडतो असे सांगून आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली. यंत्राची वीज एकदा तोडून पुन्हा जोडली असती तर तो जागा झाला असता. पण चालू यंत्रणेला हात लावू नये या मताचा मी आहे, आणि पावसाळ्यात रोज न चुकता जाणारी वीज त्या दीड दिवसात एकदाही गेली नाही. विसर्जनापूर्वी ताट मोजले तेव्हा मोदक सतरा भरले.

संध्याकाळी चौकशी समिती बसली. माझ्या नातीने प्रोग्रॅम उघडला, साठ गुणिले हजारवर बोट ठेवले आणि हसायला लागली. यंत्राच्या साध्या आकड्याला सोळाच खाने असतात, ती म्हणाली. ३२,७६७ च्या वर गेले की तो उलटतो. साठ हजारांचे झाले उणे ५,५३६. आणि थांबण्याच्या हुकुमाला उणे आकडा ठाऊकच नाही, त्याने तो अधिक धरून वाचला, तेव्हा झाले ४२९ कोटींच्या वर.

"म्हणजे किती वेळ?" चिरंजीवांनी विचारले.

"एकोणपन्नास दिवस आणि सतरा तास."

सभा स्तब्ध झाली. एका मिनिटाची विश्रांती मागितलेल्या नोकराने परस्पर ४९ दिवसांची रजा काढली होती, आणि वर शेपटीला हजेरीपटावर ठेवून गेला होता. दिवाळीच्या तोंडावर तो रुजू झाला असता. गुणाकार न दाखवता सरळ ६०००० लिहिले असते तरी भागले असते, अशीही माहिती निघाली. प्रामाणिकपणे आकडेमोड दाखवणाऱ्यावरच आपत्ती कोसळते ती अशी. पण समितीचे लक्ष त्या करुण बाजूकडे नव्हते. समितीतील प्रत्येक सभासद माझ्याकडे, मग सतरा मोदकांच्या ताटाकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहत होता.

"आजोबा, हे तुम्ही मुद्दाम तर नाही ना लिहिलं?"

मी निर्दोष आहे, हे मी त्या वेळी सांगितले आणि आजही सांगतो. पण ज्याच्यावर संशय घेतला जात आहे त्याच्या अंगी आपण समजतो त्याहून कितीतरी अधिक बुद्धी आहे असे सर्वांनी गृहीत धरावे, हा प्रसंग माझ्या आयुष्यात नवा होता, आणि म्हणून मी खुलासा फारशा आवेशाने केला नाही.

उंदराचा चार्ज माझ्याकडून काढून घेण्यात आला. दिवाळीत त्याची नेमणूक फराळाच्या कपाटात, बेसनाच्या लाडवांच्या डब्याशेजारी झाली. तिथे तो इतका चोख वागला की मला दोनदा निव्वळ चकलीवर माघार घ्यावी लागली, पहिल्या खेपेस तर सुनेने दिवा लावून "बाबा, पाणी हवंय का?" असे विचारले, आणि मला तहान नसताना दोन भांडी पाणी प्यावे लागले. अखेर एका रात्री, यंत्रणेची फेरतपासणी करणे हे संस्थापकाचे कर्तव्यच असल्यामुळे, मी उंदीर कपाटातून पाठीमागून उचलला, संगणकाला जोडला आणि प्रोग्रॅम उघडला. साठ गुणिले हजार तसेच होते. फक्त साठाच्या अंगाला चिकटून एक बारीक 'एल' उभा होता, ज्याच्या योगाने आकड्याला सोळाऐवजी बत्तीस खाने मिळतात आणि रजा एका मिनिटावर येते. तेवढे एक अक्षर खोडले की ४९ दिवसांची रजा मंजूर. तोवर डबा काय, तुळशीचे लग्नही उरकले असते. मी कर्सर त्या अक्षरापाशी नेला. तेव्हा त्याच ओळीच्या शेवटी, दोन तिरप्या रेघांच्या पुढे, यंत्र जो कधी वाचत नाही असा शेरा मला दिसला: 'आजोबा, हा एल काढू नका. आजीने लाडू मोजून ठेवलेत.'